चार पाट्या शेवाळ

चाकण
९ ऑक्टोबर १९५७

चि. सुमन,

तुला आणि ज्योतीरामरावांना आम्हां दोघांचे आशीर्वाद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही, आणि तरी सगळी माणसं पोटभर जेवली. कोडं घालत नाही, सांगते.

गेल्या वर्षी ह्यांनी पुण्याच्या शेतकी प्रदर्शनात शेणापासून जळणारा वायू काढायची तऱ्हा पाहिली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. गोठ्यामागं आठ हात खोल खड्डा खणून विटांनी बांधून घेतला. त्यात शेण नि पाणी सारखं कालवून ओतायचं आणि वर लोखंडी टाकी पालथी घालायची. टाकी गाडीतून उतरवायला चौदा माणसं लागली. गावानं काय कमी हसून घेतलं? "मारुतरावानं म्हशीला नळी लावली" असं बाजारात बोलत होते. सव्वीस दिवस काही नाही. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी धार काढायला गेले, तर टाकी हातभर वर उचललेली! आत वायू धरला होता. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत नळी आणलीय, तिला शेगडी जोडलीय. ह्यांनी काडी ओढली, चावी फिरवली, आणि निळी ज्योत. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही.

सासूबाई आधी दाराशीच बसून राहिल्या. म्हणाल्या, "शेणाच्या वाऱ्यावरची भाकरी मी न्हाई खायाची. देवाला निवेद काय दावू?" मी म्हटलं, "आत्या, देवघर आपण शेणानंच सारवतो की." मग एक भाकरी खाल्ली, मग दुसरी मागितली. म्हणाल्या, "धुराचा वास न्हाई, म्हून गोड लागतीया."

आबांना मंचरला पत्र टाकलं. असल्या गोष्टींचं आपल्या मास्तरांना किती वेड ते तुला ठाऊकच आहे. उलट टपाली उत्तर आलं, "रंभा, तू घराण्याचं नाव काढलंस." सुमन, मला त्यांनी असं काही कधी लिहिलं नव्हतं. पहिला नंबर नेहमी तुझा असायचा. मी चुलीपाशीच बरी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. ते पत्र मी चार वेळा वाचलं.

दिवाळीत दोन दिवस ये. तुला आणि ज्योतीरामरावांना ह्या ज्योतीवरचा चहा पाजते.

तुझी अक्का
रंभा

*

कारखान्याची वसाहत, पिंपरी
१७ ऑक्टोबर १९५७

ती. रंभाअक्का,

तुमच्या दोघांच्या पाया पडते.

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला. ह्यांना वाचून दाखवलं, तर ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "तुझ्या दाजींनी आमच्या कारखान्यावरही कडी केली." ह्यांचा कारखाना औषधाचा. तिथंही म्हणे मोठमोठ्या टाक्यांत काहीतरी आंबवतच असतात. पण तिथं सगळं काचेसारखं स्वच्छ. पांढरे डगले घातल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

अक्का, राग मानू नकोस, पण अन्नाला वास येत नाही का ग? शेजारच्या इंदुताईंना सांगितलं तर त्यांनी नाकाला पदर लावला. आणि त्या टाकीचा भडका-बिडका उडाला तर? दाजींना हौस आहे, पण हौसेपायी घरात म्हातारं माणूस आहे हेही बघावं. इथं आपलं बरं आहे. घरात नळ, विजेचा दिवा, कोळशाची शेगडी, पाहुणे आले तर रॉकेलचा स्टो. शेणात हात घालायची वेळ लग्नानंतर माझ्यावर आली नाही, ही आबांचीच पुण्याई.

दिवाळीला येणं जमणार नाही. ह्यांना ओव्हरटाइम आहे. शिवाय आबांनी कबूल केलंय, यंदाचा हिवाळा ते माझ्याकडं काढणार. मंचरच्या थंडीत त्यांचा दमा उसळतो. त्यांच्यासाठी खाट विणून घेतलीय, खिडकीला पडदा शिवलाय. दोन खोल्यांतली पुढची त्यांना देणार आहे. इथं दवाखानाही जवळ. तेव्हा त्या तयारीत आहे.

तुमच्या ज्योतीला माझा नमस्कार.

तुझी
सुमन

*

चाकण
१२ नोव्हेंबर १९५७

चि. सुमन,

आशीर्वाद. आधी गोड बातमी. पुण्याच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आलाय! विकास ब्लॉकचे साहेब एका माणसाला घेऊन आले होते. त्यानं टाकीचा काढला, ह्यांचा काढला, आणि मला म्हणाला, "वहिनी, भाकरी टाकत राहा, इकडं बघू नका." मी बघितलंच. त्यामुळं फोटोत माझं तोंड उघडं आलंय आणि पदर कुठल्या कुठं. सासूबाई सगळ्या आळीला दाखवून आल्या.

आता दुसरी गोष्ट. आबा गेल्या आठवड्यात मंचरहून निघाले, ते तुझ्याकडं यायलाच निघाले होते. वाटेत चार दिवस म्हणून चाकणला उतरले. टाकी बघितली, वही काढली, रोज किती पाट्या शेण घातलं, टाकी किती बोटं वर आली, सगळं लिहून ठेवायला लागले. चार दिवसांनी मी पिशवी भरून दिली तर म्हणाले, "रंभा, इथं आल्यापासून मला खोकला नाही. मंचरला स्वयंपाक सुरू झाला की मी अंगणात जाऊन बसायचो. इथं मी स्वयंपाकघरात पाट टाकून बसतो. सुमनकडं कोळसा आहे. होळीनंतर, ऊन पडलं की जाईन."

तुला वाईट वाटेल, म्हणून मी दोनदा म्हटलं, "सुमन वाट बघत असेल." ते म्हणाले, "सुमन शहाणी आहे, तिला कळेल."

खाट वाया जायची नाही, जपून ठेव. फोटोचं कात्रण आबांच्या खिशात असतं, नाहीतर तुला पाठवलं असतं.

तुझी
अक्का

*

पिंपरी
२० नोव्हेंबर १९५७

ती. अक्का,

पत्र मिळालं.

आबांना जिथं बरं वाटतं तिथं त्यांनी राहावं. मी कोण सांगणार? खाट इंदुताईंच्या सासऱ्यांना दिली. मंगळवारी दुपारी आणि बुधवारी दुपारी मी मोटारथांब्यावर जाऊन उभी राहिले होते, एवढंच. तुला मुद्दाम सांगावंसं वाटलं नाही, पण सांगून टाकलं.

फोटो पाहिला. ह्यांच्या खात्यात कुणीतरी ते वर्तमानपत्र आणलं होतं. "ज्योतीराम, ही तुझी मेव्हणी ना?" म्हणून सगळ्यांनी ह्यांच्याभोवती घोळका केला. घरी आल्यावर हे अर्धा तास तेच बोलत होते.

आबांना खोकल्याची वडी वेळेवर देत जा.

सुमन

*

चाकण
२१ जानेवारी १९५८

चि. सुमन,

आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ पाठवला तो पोचला का? उत्तर नाही, म्हणून मनात काळजी. रागावली आहेस का? तसं असेल तर सरळ भांड. तू गप्प झालीस की मला लहानपणापासून भीती वाटते.

आज तुझ्याशी काम आहे. आमची ज्योत हल्ली संध्याकाळपर्यंत पुरत नाही. एक म्हैस आटली म्हणून तिला माळावर दिराच्या वाड्याला पाठवली, बैल दिवसभर कांद्याच्या गाडीला. शेण निम्म्यावर आलं. भाकऱ्या होतात, पण भाजी टाकली की ज्योत पिवळी पडून खाली बसते. मग चूल पेटवावी लागते आणि आबा उठून अंगणात जातात.

आबांनीच एक युक्ती काढली. किल्ल्याच्या खंदकात पाणी साचून राहिलंय, त्यावर हिरवंगार शेवाळ. कुणाच्या कामाचं नाही. आबा म्हणतात, शेण म्हणजे तरी काय, म्हशीच्या पोटात कुजलेलं गवत. मग शेवाळ शेणाबरोबर खड्ड्यात घातलं तर तेही कुजून वायू देईलच. पण किती घालायचं, कसं घालायचं, ह्याचा कुणालाच पत्ता नाही. ब्लॉकच्या साहेबांनाही नाही. ज्योतीरामरावांच्या कारखान्यात आंबवण्याचं काम जाणणारे कुणी असतील तर विचारायला सांगशील का? नीट विचार, आकडे लिहून पाठव.

घाई अशासाठी की, वीस फेब्रुवारीला नऊ गावांची माणसं आमच्याकडं बघायला येणार आहेत. पाच घरं तर ठरवूनच बसलीत, बघायचं आणि खड्डा घ्यायचा. त्यात आळीतली शालनबाई आहे. चुलीपुढं बसून तिचे डोळे असे झालेत की, तिला दाण्यातला खडा दिसत नाही. ती रोज येऊन विचारते, "रंभाबाई, माजंबी हुईल ना वो?"

आबा म्हणाले, "सुमनला लिही. ती बरोबर चौकशी करील."

तुझी
अक्का

*

पिंपरी
३१ जानेवारी १९५८

ती. अक्का,

पाया पडते. तिळगूळ मिळाला. मला बरं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. रागवायला काय झालंय?

तुझं काम केलं. ह्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतले एक साहेब आहेत, त्यांना ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांना फार कौतुक वाटलं. म्हणाले, कल्पना उत्तम आहे. शेवाळानं वायू वाढेल.

प्रमाण असं: रोज चार पाट्या ओलं शेवाळ, खंदकातून काढलं तसंच, शेणकाल्यात मिसळून घालायचं. पहिल्या दिवसापासून पूर्ण प्रमाण घालावं. मध्ये खंड पडू देऊ नये. टाकी भराभर वर येईल.

आबांना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, सुमननं बरोबर चौकशी केली.

तुझी
सुमन

*

चाकण
२४ फेब्रुवारी १९५८

चि. सुमन,

आशीर्वाद. चार दिवस लिहायला बसते आणि उठते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आम्ही शेवाळ काढायला लागलो. आबा म्हणाले, "चार पाट्या जरा जास्त वाटतात. शेणच साडेतीन पाट्या आहे." मी म्हटलं, "आबा, सुमननं साहेबाला विचारून लिहिलंय." तर म्हणाले, "मग बरोबरच असेल. सुमन चुकीचं लिहायची नाही." रोज मी आणि ह्यांनी गुडघाभर चिखलात उतरून चार पाट्या भरल्या. टाकी खरंच भराभर वर आली. सहाव्या दिवशी तर गळ्यापर्यंत! गावात हे सांगत फिरले. पण शेगडीची ज्योत दिवसेंदिवस बारीक होत गेली, आणि खड्ड्याच्या तोंडाशी नासलेल्या ताकासारखा आंबूस वास. आम्हांला वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. खंड पाडू नये असं तू लिहिलं होतंस, म्हणून घालत राहिलो.

वीस तारखेला माणसं आली. सत्तरएक असतील. टाकी काठोकाठ भरलेली, तिला झेंडूची माळ. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "बघा, केवढा वायू साठलाय." शालनबाई आपल्या घरचं पीठ मळून परातीत घेऊन आली होती, पहिली भाकरी तिची व्हावी म्हणून. ह्यांनी चावी फिरवली, काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. वायू सों सों करत बाहेर येत होता, पण पेटत नव्हता. सहा काड्या झाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हस रुसली जनू." आणि सगळे हसले. साहेब घड्याळ बघत निघून गेले. पाचांतली चार घरं दारातूनच नको म्हणून परतली. शालनबाई उठली. परातीवर पदर घालून घरी गेली.

हे त्या दिवसापासून बाजाराच्या वाटेनं गेलेले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "शेणाचं सोनं करायला निघाला व्हता, आता लोकं शेण घालत्याती तोंडात." टाकी मोडीत घालायचं घरात चाललंय.

चूल पुन्हा सुरू झाली. आबांना पहिल्या रात्रीपासूनच दम लागला. काल बसल्या बसल्या ओठ निळे पडले. मी काय करू ते सांग. साहेबांना पुन्हा विचार, आमचं कुठं चुकलं?

अक्का

*

पिंपरी
२८ फेब्रुवारी १९५८

ती. अक्का,

पत्र वाचून वाईट वाटलं. खेडेगावात असले प्रयोग करताना काहीतरी चुकतंच. तुम्ही शेवाळाबरोबर चिखलही घातला असेल. साहेब सध्या रजेवर आहेत.

आबांना आता तिथं ठेवू नका. इथं दवाखाना आहे. दाजींबरोबर लगेच पाठवून दे.

सुमन

*

चाकण
७ मार्च १९५८

चि. सुमन,

उद्या हे आबांना घेऊन येतील. त्यांना झोपताना पाठीशी दोन उशा लागतात. चहा अगदी कमी गोड. रात्री दार उघडं ठेवलं तर त्यांना बरं वाटतं.

निघायचं ठरलं तेव्हा ते टाकीजवळ जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "आबा, माझ्या हातून काहीतरी चुकलं." ते म्हणाले, "तुझ्या हातून नाही. शेवाळाचं खूळ माझं." मग वही मिटून पिशवीत टाकली.

तुझ्याकडं त्यांना बरं वाटू दे.

अक्का

*

पिंपरी
२५ मार्च १९५८

अक्का,

आज पाया पडते असं लिहायला मन घेत नाही.

चार पाट्या हे खोटं होतं. साहेबांनी दिलेला कागद ह्या पत्रात घालून पाठवतेय. तो माझ्यासमोर होता, त्यावर बघून बघून मी तुला उलटं लिहिलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, शेवाळ उन्हात सुकवून, चुरून, दिवसाला अर्धी पाटीच, तीही आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्यायची. जास्त घातलं तर काला आंबतो, टाकी फुगते, पण तो वायू पेटत नाही. तसं झालं तर सगळं घालणं थांबवायचं, चुन्याची निवळी सोडायची, आठ-दहा दिवस वाट बघायची, मग रोज थोडं थोडं ताजं शेण. धीर सोडायचा नाही, असंही त्यांनी खाली लिहिलंय. हे सगळं मी एकतीस जानेवारीलाच वाचलं होतं. हे मोठ्या कौतुकानं कागद घेऊन आले होते. त्यांना ह्यातलं काहीही माहीत नाही.

माणसं येणार आहेत हेही मला माहीत होतं.

तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचलं आणि मला आधी बरं वाटलं. लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. त्या दिवशी मी गव्हाची खीर केली. ह्यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, सहज."

का केलं, तर आबांसाठी. लहानपणापासून ते माझे होते, अक्का. तुला आई होती, मला आबा. कवितेची तुझी आठवी ओळ चुकली की ते माझ्याकडं वळायचे, आणि मी म्हणून दाखवायचे. लग्न होऊन मी नळाच्या नि दिव्याच्या घरात आले, तेव्हाही सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. आणि एका लोखंडी टाकीपायी ते वाटेत उतरले ते उतरलेच. मोटारथांब्यावर मी दोन दुपारी उभी होते. मोटारीतून उतरणारा प्रत्येक म्हातारा मला आबाच वाटत होता. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. "सुमन शहाणी आहे, तिला कळेल." मला कळलं नाही. मी जळले. वर्तमानपत्रात तुझं ते उघडं तोंड बघून मला वाटलं, ही हसतेय ती मलाच.

आता ते माझ्याकडं आहेत. मला हवं होतं ते मिळालं. दोन उशा देते, दार उघडं ठेवते. दवाखान्यातल्या औषधानं दम कमी झालाय. पण ते माझ्याशी बोलत नाहीत, अक्का. म्हणजे बोलतात, सगळं तुझंच बोलतात. दिवसभर वही उघडून बसतात. कितव्या दिवशी किती बोटं, कुठं चुकलं. काल ह्यांना म्हणाले, "जावईबापू, पोरीचं चांगलं चाललं होतं. माझ्या शेवाळाच्या हौसेनं मी तिला गावात खाली मान घालायला लावली." म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शाळेत कधी, आई गेली तेव्हाही, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा हे लिहायला बसले. टाकी मोडीत घातली नसेल तर कागदाप्रमाणे कर.

सुमन

*

चाकण
२७ एप्रिल १९५८

सुमन,

कागद मिळाला. त्याप्रमाणे केलं.

टाकी मोडीत गेली नव्हती, ओढून न्यायला गाडी मिळेना म्हणून. ह्यांना मी एवढंच सांगितलं की, साहेबांचं नवं पत्र आलंय. तुझं पत्र दाखवलं असतं तर आपलं येणं-जाणं कायमचं तुटलं असतं. चुना सोडला. अकरा दिवस रोज सकाळी वाकून वास घेत होते. आंबूस वास हळूहळू गेला. मग एक पाटी शेण, मग दीड. वीस एप्रिलला दुपारी काडी लावली. धरली. मी कुणाला हाक मारली नाही, तशीच बघत बसले. शेवाळ आता उन्हात वाळत घातलंय, अर्धी पाटी चुरून घालते. संध्याकाळची भाजी होते.

महिनाभर तुला उत्तर लिहिलं नाही. काय लिहू? शिव्या लिहिल्या आणि फाडल्या. तू मला पाण्यात पाहिलंस, ते मी एखाद्या वेळी गिळलं असतं. पण शालनबाई परातीवर पदर घालून गेली ते मला विसरता येत नाही. आबांचे निळे ओठ तर नाहीच नाही. ते तुझ्याही बापाचे ओठ होते ग.

माझी माफी मागू नकोस. एकच कर. आबा अजून स्वतःलाच दोष देत असतील. त्यांना खरं काय ते तू सांग. मी सांगणार नाही. तू सांगितलं नाहीस तर पुन्हा मला पत्र टाकू नकोस.

रंभा

*

पिंपरी
४ मे १९५८

ती. अक्का,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. आबांच्या हाती देतेय. पाकीट उघडंच आहे. त्यांना वाचायचं असेल तर वाचू दे.

तुझं पत्र आलं, तरी मी तीन दिवस काढले. आज सकाळी ह्यांची पहिली शिफ्ट, घरात आम्ही दोघंच. चहा ठेवला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, शाळेत राहायचे तशी. म्हटलं, "आबा, साहेबांनी अर्धी पाटी लिहिली होती. चार मी केल्या."

त्यांनी चष्मा काढला. "चुकून?"

"नाही."

"मग कशापायी?"

"तुम्ही माझ्याकडं आला नाहीत म्हणून."

 मला वाटलं, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी वही घेतली, फेब्रुवारीची पानं काढली, आणि जिथं "माझी चूक" असं लिहिलं होतं ते खोडलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. मग म्हणाले, "रंभाला ठाऊक आहे?"

"हो. मीच कळवलं. तिची ज्योत पुन्हा लागलीय."

"लागली?" एवढं एकदाच त्यांचा चेहरा उजळला. मग उठले. चहा तसाच राहिला. "माझी पिशवी भर. चाकणची मोटार कितीला आहे?"

मी राहा म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? पिशवी भरली, औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून वर ठेवली. आता ते दाराशी बसलेत, मी हे लिहितेय, मग थांब्यावर पोचवायला जाईन. ह्यांनाही आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. दाजींना सांगायचं की नाही ते तू ठरव.

तू म्हणालीस ते केलं. उत्तराची अपेक्षा धरत नाही.

सुमन

*

चाकण
१५ मे १९५८

चि. सुमन,

आशीर्वाद. आबा सुखरूप पोचले. तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत समोर बसून राहिले. मी विचारलं, "वाचलंत का?" म्हणाले, "नाही. मला तिनं तोंडानं सांगितलं." एवढं बोलून गोठ्याकडं गेले.

ह्यांना मी गेल्या आठवड्यात सगळं सांगितलं. ते दोन दिवस धुमसत होते. मग म्हणाले, "मेव्हणीनं लिवलं आन् आपुन डोळं झाकून घातलं. चार दीस थोडं घालून बघाया पायजे व्हतं." ह्यावर तू खूश होऊ नकोस. त्यांचा राग जायला अजून वेळ लागेल. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

शालनबाईच्या परड्यात परवा कुदळ पडली. मी तिला मुद्दाम बोलावून भाकरी करायला लावली होती. तिनं आपल्या हातानं काडी लावली, आणि ज्योत धरल्यावर तिथंच खाली बसली. उरलेली चार घरं अजून कुंपणावरूनच बघताहेत. बघू देत.

आता एक गोष्ट लिहिते. लिहू नये असं वाटतं, पण तू तुझं सगळं लिहिलंस, मग मी का लपवू? मला वाटलं होतं, आबा येतील, ज्योत बघतील, मला काहीतरी म्हणतील. महिनाभर मी चुन्याचे हात घेऊन खड्ड्यावर वाकले होते ना. त्यांनी ज्योत बघितली, "छान" म्हणाले, वहीत बोटं लिहिली. संपलं. आणि तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला काय सांगतात माहीत आहे? काय चूक, कुणाचं नुकसान, ह्यातलं एक अक्षर नाही. नुसतं म्हणतात, "माझ्या धाकटीनं आपली चूक आपल्या तोंडानं माझ्यापुढं उभं राहून सांगितली. सदतीस वर्षं मास्तरकी केली, शेकड्यानं पोरं हाताखालून गेली. असं एक भेटलं नाही." काल शालनबाईला सांगत होते. शालनबाईला! आणि तीही मान हलवत ऐकत होती.

मी भाकरी थापत होते. सुमन, माझ्या पोटात असं काही पेटलं म्हणून सांगू. धूर मी खाल्ला, चिखलात मी उतरले, सत्तर माणसांपुढं मान माझी खाली गेली, आणि नाव पुन्हा तुझंच! भाकरी करपली. निळ्या ज्योतीवर माझी पहिलीच करपलेली भाकरी. तीच मी खाल्ली.

खाता खाता वाटलं, मोटारथांब्यावर तुला असंच काहीतरी झालं असेल. सगळं नाही, पण थोडं कळलं. थोडंच बरं का. सगळं विसरले असं समजू नकोस.

ज्योतीरामरावांना रजा मिळेल तेव्हा ये. चहा पाजेन, पण आधी शेण कालवायला बसवीन. म्हैस व्याली आहे, आणि आम्हांला हात कमी पडताहेत.

तुझी
अक्का